बारशातली रिकामी मांडी

सुधाकर, जरा जवळ ये बाबा, आत्या आज तुला रागावणार आहे. परवा बारशाला माझी नातसून बाळाला एकेकाच्या मांडीवर देत होती. तू हात पुढे केलेस, शर्ट वर सरकला, कमरेचं पिस्तूल दिसलं. "झोपलाय हो काका," म्हणत ती वळली. बाळ टक्क जागं होतं. तुझे हात तसेच राहिले.

"आत्या, एकदा हल्ला झालाय माझ्यावर," म्हणतोस. तुझी भीती खोटी नाही रे, पण तिचीही नाही. आपल्या माणसांत यायचं ते थोडं निर्धास्त व्हायलाच ना? पिस्तूल घरी कुलपात ठेव आणि लवकर ये. बाळ तीच तुझ्या मांडीवर देणार आहे; विचारलंय मी तिला.