भिंतीतला फ्रिज

वाइनचा फ्रिज मी भिंतीत चिणला. मागं आणि दोन्ही बाजूंना हवा खेळायला जागा सोडा, असं त्याच्याबरोबरच्या पुस्तिकेत चित्रासकट छापलं होतं. पण अख्ख्या न्हावरे गावात वाइनमधलं आपल्याइतकं कुणाला कळतं, या तोऱ्यात मी चित्रसुद्धा बघितलं नाही. आमच्या कंपनीचं गेस्टहाउस बंद झालं तेव्हा तो मला मिळाला होता. हॉलमधल्या कोनाड्यात असा घट्ट बसला की जणू कोनाडा त्याच्यासाठीच बांधला होता. आत निळा दिवा, आडव्या झोपलेल्या बाटल्या, बाहेर तापमानाचा आकडा बारा. पाहुण्यांना मी आधी फ्रिज दाखवायचो, मग पाणी विचारायचो.

कोनाड्यामागं चार इंची भिंत, आणि भिंतीपलीकडं आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खाट. गुडघ्यांनी त्यांना एका जागी बसवलं होतं. काही हवं असलं की भिंत वाजवायचे.

"बाटल्यांना गारवा आन् बापाला पंखा! ये की जरा, बस हितं."

"आलो आबा," मी बाटल्या पुसत म्हणायचो. म्हणायचो, एवढंच.

भिंत तापते हे आधी त्यांनाच कळलं. थंडीत तिला पाठ टेकून बसायचे. "ह्या भितीत ऊब हाय बरं का," असं येईल त्याला सांगायचे. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याच थंडीत आबा गेले. तेरावं झाल्यावर आईनं खाट झाडायला घेतली, भिंतीला तळहात टेकला आणि तशीच उभी राहिली.

"अजून गरम हाय," म्हणाली.

तोवर तिच्या पोटात धड अन्न नव्हतं. त्या दिवशी भिंतीला पाठ लावून तिनं अख्खी भाकरी खाल्ली.

मी हॉलमध्ये येऊन फ्रिजच्या कडेच्या फटीत बोटं घातली आणि चटका बसून काढली. उलगडा झाला. पण भाकरी खाणाऱ्या आईला तो कोणत्या तोंडानं सांगायचा?

तिथून माझा उलटा कारभार सुरू झाला. जग वाइन गार ठेवायला फ्रिज चालवतं, मी भिंत गरम ठेवायला चालवू लागलो. आकडा बारावरून पंधरावर गेला, पुढं अठरावर. बाहेर ओढून त्याला मोकळा श्वास द्यावा, तर भिंत गार पडणार. तसाच ठेवावा, तर एक दिवस जळणार, आणि भिंत तरीही गार पडणार. म्हणून मी दाराचं रबर पुसायचो, जुन्या टूथब्रशनं जाळीतली धूळ काढायचो. खुटबावला भाचीच्या लग्नात असताना घरची लाइट गेल्याचा फोन आला, तर अक्षता खिशात कोंबून मोटारसायकलला किक मारली. इन्व्हर्टरवर पंखे बंद, फ्रिज चालू. वाइन केव्हाच बिघडली असणार. बाटली उघडून बघायचा धीर झाला नाही.

यंत्र मध्येच दमून थांबलं की एक गचका बसायचा. बाटल्या एकमेकींना लागायच्या आणि भिंतीवर आवाज उमटायचा. टक, टक. दर वेळी माझ्या तोंडून निघून जायचं, "आलो आबा." पलीकडं त्या खाटेवर आता आई असायची.

एका दुपारी तो गचका बसला आणि पुन्हा घरघर आलीच नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, मग फ्रिज ओढून बाहेर काढला. कोनाड्यात हात घातला. भिंत गार. पलीकडं जाऊन आईचं तोंड बघायची हिंमत होईना. फ्रिज हॉलच्या मधोमध मरून पडलेला, आणि तेवढ्यात भिंत वाजली.

टक, टक.

मी सरळ स्वयंपाकघरात गेलो, पाणी उकळलं, शेकायच्या रबरी पिशवीत भरलं आणि कोनाड्यात वाकून ती दोन्ही हातांनी भिंतीला दाबून धरली.

"मघाधरनं वाजवतीय, ऐकू येत न्हाई व्हय?"

आई दारात उभी होती. तिनं फ्रिजकडं बघितलं, मग पिशवीकडं, मग माझ्याकडं.

"बंद पडला न्हवं? भिंत गार लागली तशी कळलं मला," ती म्हणाली. पुढं येऊन तिनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"बाप भिंत वाजवून वाजवून गेला, तवा कवा आला न्हाईस. आन् आता भिंतीला शेक देतोस व्हय रं, येड्या?"