पहिल्या क्रमांकाची बँक

ऑफिसात बायका पुष्कळ होत्या, पण मॅडम म्हटलं की त्याच. एखादी बँक ‘चांगली’ आहे असं कोणी म्हणालं, की चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, “कोणासाठी चांगली?” मालकांसाठी की ठेवीदारांसाठी, हे ठरल्याशिवाय पुढचं बोलूच द्यायच्या नाहीत.

हिंजवडीच्या आमच्या कंपनीत देशोदेशींच्या बँकांची कामगिरी तोलून दरवर्षी क्रमवारी निघायची. मी परभणीकडून आलेला, मारुंजीत भाड्याने राहणारा नवखा. दोन देशांच्या बँका शेजारीशेजारी मांडून एकीला सरस ठरवून मोकळा झालो. मॅडम हसल्या नाहीत. “हप्ता चुकल्यावर कर्ज थकीत कधी धरतात, बघितलंस? एकीकडे लवकर, दुसरीकडे उशिरा. पट्टीच वेगळी, मग उंची कसली मोजतोस राव?”

डबा खाताना त्या परदेशी ठेवीदारांच्या तक्रारी वाचत बसायच्या. “ताळेबंद सजवता येतो. वैतागलेला माणूस नाही सजवता येत,” म्हणायच्या.

त्या तक्रारींतूनच त्यांना ती बँक सापडली. आमच्या यादीत ती पहिली येत होती आणि तिकडे लोकांना स्वतःचेच पैसे काढायला हेलपाटे पडत होते. मॅडम खोलात शिरल्या. जुनी थकलेली कर्जं नवं कर्ज देऊन फिटल्यासारखी दाखवली जात असावीत, असं त्यांना दिसलं. त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार अर्धवट उघडंच होतं.

“ती बँक आपली गिऱ्हाईक आहे. पुरावा आहे?”

“संशय आहे, आणि दाट आहे. निदान यादीतून तरी काढा.”

“नाही जमणार.”

“मग अहवालावरून माझं नाव काढा.”

नाव निघालं. थोड्याच दिवसांत मॅडमनी राजीनामा दिला. निरोपसमारंभही होऊ दिला नाही.

पुढच्या वर्षी ती बँक बुडाली. बंद शटरपुढे थंडीत उभी म्हातारी माणसं आम्ही मोबाइलवर पाहिली. मी तडक रावेतला मॅडमच्या घरी गेलो.

“मॅडम, तुमचंच खरं ठरलं!” मी दारातूनच म्हणालो.

त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं.

“त्या रांगेतल्या कोणीतरी आपली यादी बघूनच पैसे ठेवले असतील ना रे? मी काय केलं? माझं नाव काढून घेतलं. बँकेचं नाव तसंच वर राहिलं.”

“पण तुम्ही बोललात तरी.”

“केबिनमध्ये बोलले.”

नंतर कंपनीने त्यांना मानाने परत बोलावलं. त्यांनी फोन उचलला नाही. मी अजून तिथेच नोकरी करतो; माझाही उचलत नाहीत.