तिसरी पायरी

मंठ्यात ‘घरबसल्या काम करते’ असं सांगितलं की लोक ‘घरबसल्या’ तेवढं ऐकतात आणि ‘काम’ सोडून देतात. सुमेधाचंही तेच झालं होतं. बी.कॉम. झालेली पोरगी. ज्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची तो बंद पडला, म्हणून तिनं इंटरनेटवरून लिखाणाची कामं घ्यायचं ठरवलं होतं.

पण पत्र्याच्या घरात रेंज यायची नाही. शेजारच्या उषाबाईंच्या जिन्यात, वरच्या वळणावर मात्र बरोबर यायची. उषाबाई म्हणाल्या, “ये की माय, बसून जिना काय झिजतो का?” तेव्हापासून चटई, लॅपटॉप आणि खालून ओढलेली वायर एवढं सुमेधाचं ऑफिस. उषाबाईंचे गुडघे धरलेले. कठड्याला धरून जेमतेम तीन पायऱ्या चढायच्या, तिसरीवर चहाचा कप ठेवायच्या आणि हाक मारायच्या, “सुमे, चहा.” अकरा वाजले की रोज. सुमेधा खाली येऊन तो उचलायची.

दोन महिने काम मिळालं नाही. जो तो आधी विचारायचा, तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकांनी पाचपैकी किती तारे दिले? पहिलंच गिऱ्हाईक मिळत नव्हतं, तर तारे कुठून आणायचे? शेवटी परराज्यातल्या एका तेलवाल्यानं विचारलं. गुडघेदुखीचं तेल. तेल वापरून बऱ्या झालेल्या बायकांचे अनुभव मराठीत लिहायचे, नाव, वय, गाव घालून. बायका गावाकडच्या वाटल्या पाहिजेत.

सुमेधानं मनानं आठ बायका रचून पाठवल्या. आठही परत आल्या, खोट्या वाटतात म्हणून. आता याला काय म्हणावं! ती डोकं धरून बसली होती, तेवढ्यात खालून हाक आली, “सुमे, चहा.” आणि तिनं एका दमात लिहून टाकलं:

‘मी उषाबाई, वय बासष्ट, मंठा. दोन वर्षं मला तिसऱ्या पायरीच्या वर चढता येत नव्हतं. आता मी गच्चीवर जाऊन पापड वाळत घालते.’

नाव बदलावं असं तिला वाटलं नाही असं नाही. पण या तालुक्यात उषाबाई काय एकच आहे का, आणि त्यातली कोण इंटरनेट बघायला बसलीय, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली. तासाभरात पाच तारे आले. खाली शेरा होता: ‘गावाकडच्या बायकांचं मन हिला बरोबर कळतं.’ सुमेधानं गल्लीत पेढे वाटले. पहिला उषाबाईंच्या हातावर ठेवला. “कशाचं काम गं?” त्यांनी विचारलं. “जाहिरातीचं,” ती म्हणाली आणि घाईघाईनं वर गेली.

महिन्याभरानं एका दुपारी दारात रिक्षा थांबली. वाटूरची प्रीती नावाची बाई आपल्या आईला घेऊन आली होती. म्हातारी लेकीच्या खांद्यावर भार टाकून पाऊल उचलत होती. गुडघेवाल्या उषाबाई कोणत्या, असं मेडिकलवर विचारत विचारत त्या आल्या होत्या.

“कोणतं तेल, माय?” उषाबाई चौकट धरून उभ्या होत्या. “मला तर उठाया भिंत लागती.”

प्रीतीनं मोबाईल काढून मोठ्यानं वाचून दाखवलं. जिन्यात सुमेधाला शब्दन् शब्द ऐकू आला. तिनं आवाज न करता लॅपटॉप मिटला. तेव्हाच खाली जायला पाहिजे होतं. ती गेली नाही. खाली दोन म्हाताऱ्या एकमेकींना आपापले गुडघे दाखवत होत्या, आणि ही चटईवर अंग चोरून बसली होती.

रिक्षा गेल्यावर उषाबाई तिसऱ्या पायरीपर्यंत आल्या. “सुमे, तुला यातलं कळतं. कोणी लिव्हलं असंल गं?”

“बघते, मावशी.”

हे दोन शब्द तिला त्या खोट्या बायकांपेक्षा जड गेले. आपण एवढ्या हलक्या निघू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला ती हाकेची वाट न बघता खाली आली. उषाबाईंच्या हातात कप होता.

“मावशी, ते मीच लिहिलं.”

“कालच कळलं मला. तिसरी पायरी आणखी कोणाला म्हाईत हाये?” त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच सुमेधाला सोसवेना. “पापडाचं आईकलं न् घडीभर बरं वाटलं बघ. जशी खरंच वर जाऊन आल्ते. मंग त्या म्हातारीकडं पाह्यलं.”

सुमेधा तशीच वर वळणावर गेली आणि उभ्यानंच तेलवाल्याला लिहिलं: हे काढून टाका, ही बाई खरी आहे आणि तिचे गुडघे दुखतातच. आता तारे जाणार, दुसरं काम मिळणार नाही, हे तिनं गृहीतच धरलं होतं. उत्तर लगेच आलं. तारे तसेच राहिले. उषाबाईच्या जागी दैवशालाबाई आली आणि मंठ्याच्या जागी परतूर, बाकी मजकूर तोच. वर मागणी होती, अशाच आणखी दहा बायका पाठवा.

दहांना तिनं नाही म्हणून कळवलं. मग खाली येऊन, मान वर न करता म्हणाली, “मावशी, तुमचं नाव आता न्हाई त्यात. गावही न्हाई.”

उषाबाईंनी कठडा धरला. एक, दोन, तीन पायऱ्या चढल्या आणि कप रोजच्या जागी ठेवला.

“आन् पायऱ्या?”

“पायऱ्या तशाच हायेत, मावशी.”