शेजाऱ्याचे मशीन

आबा देवासमोर गाऱ्हाणे घालायला उभे राहिले की देवालाही मध्ये बोलायची सोय नसे. आजारी म्हातारीपासून नापास झालेल्या पोरापर्यंत अख्ख्या कोरगावची ते त्याला आठवण करून देत. शेवटी खड्या आवाजात म्हणत, “काय वाकडां-तिकडां आसात तां सरळ कर रे म्हाराजा.” आम्ही “होय म्हाराजा” म्हटले की सुटलो.

आमची घरे एकाच कुंपणातली, त्यामुळे आबांचे घोरणे आमच्याही वाट्याला आले. त्यांना ते मान्य नव्हते. “घोरतत त्यो म्हशी. मी जरा मोठ्यान श्वास घेतंय,” असे ते म्हणत. पुढे डॉक्टरांनीच सांगितले, की झोपेत त्यांचा श्वास मधेच थांबतो, रोज रात्री मास्क लावून मशीनची हवा घेतलीच पाहिजे. आबांनी मशीन आणले आणि कपाटात धोतरांमागे दडवले. कुणाला दिसलेच, तर म्हणत, “शेजाऱ्याचां आसा, ठेवक दिलां.” शेजारी म्हणजे मी. दसऱ्याला मात्र कोयती आणि पहार पुजताना त्यांनी गुपचूप मशीनलाही कुंकू लावले.

गेल्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी सुमन बंगळूरला बाळंत व्हायची होती. तिला आई नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. सिझेरियन ठरले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आबांना घेऊन मोपाच्या विमानतळावर गेले. मशीन सामानात द्यायचे नाही, हातातच ठेवायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते.

तपासणीला आबांनी इन्सुलिनचा डबा, बर्फाची पिशवी आणि डॉक्टरांची चिठ्ठी स्वतःहून ट्रेमध्ये मांडली. मधुमेह चांगल्या घरांतून असतोच, असे त्यांचे मत होते. मशीनची पिशवी मात्र मुकाट्याने पट्ट्यावर सोडली. कोल्हापूरकडच्या जवानाने ती उघडून विचारले, “हे कुणाचं?”

मागे पेडण्याच्या बाजारातले एक ओळखीचे जोडपे उभे होते. आबा म्हणाले, “शेजाऱ्याचां.”

दुसऱ्याची वस्तू नेतोय असे तिथे चुकूनही बोलायचे नसते. पिशवी बाजूला गेली, जवानाने साहेबांना बोलावले. विमानाची वेळ जवळ येत होती. मी तोंड उघडले, तर साहेब म्हणाले, “ताई, त्यांना बोलू द्या.”

जवान मशीन उलटसुलट करून पाहत होता. “हे लाल काय लागलंय?”

“कुंकू. दसऱ्याक पुजलंय.”

“आजोबा, शेजाऱ्याच्या मशीनची पूजा तुम्ही केलीत?”

आबांनी हात जोडले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केले, “साहेबानु, माजांच तां. मी घोरतंय. रातचो माजो श्वास बंद पडता. ह्या आसा म्हणान सकाळी उठतंय. माजां चेडू बाळात होवचां आसा, तेका आवस नाय. माका थंय पोचाक होया.”

माझ्या तोंडून “होय म्हाराजा” निघून गेले. मागच्या जोडप्याच्याही. साहेबांनी पिशवीतली मशीनची चिठ्ठी वाचली, सगळे नीट तपासले आणि चेन लावून पिशवी परत दिली. “पहिल्यांदाच सांगायचं हो. त्यात लाजायचं काय?”

विमानात आबा माझ्या कानात म्हणाले, “गावात बोला नको.” ते जोडपे आमच्या मागच्याच रांगेत बसले होते.

आबांनी नातीला जन्मल्या दिवशीच मांडीवर घेतले. यंदा चैत्रात काजूच्या बागेत ते भर दुपारी, जागेपणी गेले. तेराव्यानंतर सुमन माझ्याकडे येऊन बसली. तिला मी विमानतळावरची गोष्ट सांगितली. ती आधी पोट धरून हसली, मग रडली.

“ऑपरेशनाच्या आदल्या रातीक आबा माज्या खाटीकडेन मशीन लावन झोपले,” ती म्हणाली. “माका खूप भियां दिसत होतां. मी रातभर तेंचो श्वास ऐकत पडलंय. चलता आसा, चलता आसा, म्हणता म्हणता उजवाडलां.”