एल्सोची बारीक सुई

ओदिलियाचा नवरा एल्सो जाऊन अकरा महिने झाले होते. डोंगरातल्या ला कुम्ब्रे गावच्या घराला तेव्हाच कुलूप लावून मुलीने, मारिसेलने, ओदिलियाला खाली रोसारिओला आपल्या फ्लॅटवर आणलं. निम्मी भांडी टाकून दिली, शिवणयंत्र शेजारणीकडे गेलं. एल्सोचं रिमोटवर उडवायचं छोटं पिवळं विमान मात्र ओदिलियाने पंख सुटे करून बसमध्ये मांडीवर धरून आणलं आणि कपाटावर ठेवलं.

"आई, खोलीत एरंडेलाचा वास येतो गं," मारिसेल कुरकुरायची. ओदिलिया खिडकी लावून घ्यायची. विमानाच्या इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा तो वास कमी कमी होत चालला होता, ते तिलाच माहीत. त्या इंजिनाचा आवाज एकदा तरी ऐकावा, एवढंच तिच्या मनात होतं.

म्हणून त्या रविवारी ती गावाबाहेरच्या विमानक्लबात आली. एल्सोचा जुना मित्र रेमिजिओ तिथला जाणकार. त्याने पंख जोडले, टाकी भरली, इंजिन चालू केलं. मंद चालताना ते छान गुरगुरत होतं. पण रिमोटवर थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पुढे केला की एक उचकी देऊन बंद. तीनदा तेच झालं.

"इंधन जास्त होतंय," रेमिजिओ म्हणाला. इंजिनाला इंधन मोजून सोडणारे दोन स्क्रू होते, त्यांनाच सुया म्हणायचे: मोठी सुई पूर्ण वेगासाठी, बारीक मंद चालीसाठी. या क्लबात इंजिन अडखळलं की सुई बंद करायची, हे ताप आला की गोळी घ्यावी तसं ठरलेलं. "बारीक सुई पाव फेरा बंद करतो, ओदिलियाबाई."

ओदिलियाने इंजिनावर हात ठेवला. "मोठ्या सुईचं काय हवं ते कर. तिला एल्सो रोज फिरवायचा. ही बारीक सुई त्याने शेवटची बसवली आणि विमान झाकून ठेवलं. हिला हात लावायचा नाही."

"अहो, स्क्रू आहे तो. समाधी नाही."

"तुझी बायको तुझ्या त्या 'माते' चहाच्या भांड्याला हात लावते का?"

"लावून बघू दे!"

"मग गप बस."

बाकावरची मंडळी हसली. रेमिजिओने स्वतःच्या त्याच भांड्यात गरम पाणी ओतलं आणि तिच्यापुढे केलं. तिने दोन घोट ओढले, पण तिचे डोळे इंजिनावरच होते. चौतीस वर्षं एल्सो इंजिन जुळवत असताना विमानाचं शेपूट तिने धरलं होतं. इंधन जास्त झालेलं इंजिन धूर ओकतं, घशात गुळणी धरल्यासारखं बोलतं आणि मग रडतखडत वेग घेतं. याने तर धूर सोडलाच नव्हता.

"पुन्हा चालू कर. मंदच ठेव."

ती गुडघ्यावर बसली आणि इंधनाची नळी दोन बोटांनी चिमटीत दाबली. इंधन जास्त असतं, तर इंजिन आधी जरा जोरात पळून मग थांबलं असतं. हे तत्क्षणी थांबलं.

"उपाशी आहे बिचारं," ती म्हणाली. "जास्त कसलं? कमी पडतंय."

रेमिजिओने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे एल्सोने चुकीची बसवली?"

"चुकीची नाही. वरची." जानेवारीत, घरामागच्या माळावर, अकराशे मीटर उंचीवर लावलेली सुई ती. तिथली हवा विरळ, तिला इंधन थोडं पुरतं. इथली नदीकाठची हवा जड, ओली. इंजिन अजून वरच्याच हवेचा हिशेब धरून बसलं होतं. तीही इथे अकरा महिने तशीच बसली होती.

इथे आवाज ऐकायचा, तर एल्सोच्या हातचं ते माप मोडावं लागणार होतं.

तिने पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. "जरा बाईसारखी राहा" म्हणून मारिसेलने दिलेली, अजून न उघडलेली. स्क्रूच्या खाचेपासून कार्बुरेटरच्या कडेपर्यंत तिने एक बारीक रेघ ओढली, फुंकर घालून वाळवली. मग स्वतः स्क्रू किंचित उघडला. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी रेमिजिओने थ्रॉटल पुढे केला आणि इंजिन एका दमात कडाडलं. एरंडेलाचा धूर तिच्या तोंडावर आला.

विमान वर गेलं. सगळे माना उंच करून बघत होते. ओदिलिया डोळे मिटून ऐकत होती.

विमान उतरल्यावर रेमिजिओ खुशीत म्हणाला, "झकास! पुढच्या रविवारीही आणा."

ओदिलियाने पाना मागितला नाही, पंख सोडवायला सांगितले नाहीत. आधी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लाल रेघ लाल रेघेला जुळेपर्यंत सुई मागे फिरवली.

"अहो, अहो! बिघडवता काय? आता इथे नाही चालायचं ते."

"इथे चालवायचंच नाही," ती म्हणाली. "ला कुम्ब्रेची बस सकाळी किती वाजता सुटते रे?"