वॉटर स्कूटरचं बूड

तलावावर जायचं ठरलं की आमच्याकडे माझं काम न सांगता ठरलेलं असायचं. सगळे पाण्यात आणि मी काठावर चटई टाकून चपला सांभाळत बसलेली. चपला, चष्मे, मोबाइल, टॉवेल, चिवड्याचा डबा आणि कोणीतरी अर्धं सोलून ठेवलेलं संत्रं. घराजवळचा खड्डा चुकवताना दुचाकीवरून पडले आणि कमरेतली चकती सरकली, तेव्हापासूनची ही नेमणूक. डॉक्टर भले होते. पाण्यात खुशाल जा म्हणाले, पण धक्का नको. नागपुरात धक्का न खाता भाजी आणून दाखवा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांची फी देऊन वर त्यांनाच बोलायचं बरं दिसलं नसतं.

घरातल्या बाकीच्यांना ही नेमणूक सोयीची होती. माझ्या मनाला ती फार लागायची. कॉलेजात मी नाव वल्हवणाऱ्या मुलींच्या चमूत होते. अंबाझरीच्या पाण्यावर तळहाताला घट्टे पडेस्तोवर वल्ही ओढलेली बाई मी. पुढे लग्न, नोकरी, संसार सगळं रीतसर झालं, पण वर्षातून दोन-चारदा पाण्यावर जायला मिळालं की मी घरात कोणावर फारशी खेकसत नसे. आता ते बंद झालं आणि कोणाची चप्पल कोणती हे मात्र मला काठावर बसून पाठ झालं. पुन्हा कधी पाण्यावर जाता येईल की नाही, हे मी कोणाला विचारत नव्हते, कारण उत्तर ऐकायची भीती वाटत होती.

माझ्या धाकट्या भावाचा वाडीला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. उन्हाळा लागता लागता त्याचा फोन आला.

"ताई, मी वॉटर स्कूटर घेऊन राहिलो. रामटेककडच्या तलावावर माझ्या दोस्ताचं बोटिंग आहे, तिथंच ठेवतो. तू चालवजो."

"माझ्या कमरेचं काय करू? घरी ठेवून येऊ?"

"तुह्या कमरेसाठीच तं घेऊन राहिलो ना वं. नाव वल्हवाले कंबर लागते, हे बसून चालवाचं आहे. स्कुटीसारखं."

मी फोन ठेवला आणि उगाचच आरशासमोर जाऊन सरळ उभी राहून पाहिलं. त्या दिवशी संध्याकाळी कमरेचे व्यायाम एकही न चुकवता केले.

गोव्याच्या एका माणसाच्या दोन जुन्या वॉटर स्कूटर भावाच्या ट्रकमधून परतीचा माल म्हणून आल्या होत्या. त्यातली कोणतीही एक घ्या, दुसरी पुढे रायपूरला जाईल, असा सौदा होता. रविवारी आम्ही वाडीच्या गोदामात गेलो. मी, माझे यजमान, भाऊ आणि भावजय. कापसाच्या गाठी आणि टायरांच्या मधे ताडपत्रीखाली त्या दोघी बसल्या होत्या. एक लाल, आटोपशीर, हलकी. दुसरी राखाडी, लांब, रुंद, पाहताक्षणी आळशी वाटणारी.

आमच्याकडे गाडी पाहायला जाणं हा एक सोहळा असतो. भावजयीने आधी लालवर बसून फोटो काढून घेतला. गोदामाच्या चौकीदाराने अ‍ॅव्हरेज किती देते ते विचारलं. शेजारच्या गोदामातून आलेल्या दोघांनी पिकअप कसा आहे ते विचारलं. समुद्रात चालणारी वस्तू इथं काहून आणली, असं मात्र कोणी विचारलं नाही, कारण वाडीच्या गोदामात काय काय येऊन पडतं त्याला काही धरबंध नाही.

यजमान मात्र गुडघ्यावर बसून दोन्हींच्या पोटाखाली पाहत होते. हिंगण्याला त्यांचं फायबरचं छोटं युनिट आहे. पाण्याच्या टाक्या, न्हाणीघराची दारं आणि बागेतल्या घसरगुंड्या ते करतात. त्यांनी खिशातलं नाणं काढलं आणि दोन्हींचं बूड इंच इंच वाजवून पाहिलं. आतले थर सुटले असतील तर आवाज पोकळ येतो म्हणे. नावेच्या बुडाला त्या धंद्यात हल म्हणतात आणि सगळी करामत त्यातच असते, एवढं मला त्यांनी येतानाच गाडीत सांगितलं होतं. लालचं बूड जवळजवळ सपाट होतं. राखाडीचं मधोमध खोल, दोन्ही बाजूंनी उतरत आलेलं. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्या उताराला लावून कात्रीने कापला आणि घडी करून खिशात ठेवला. मग हात झटकून उभे राहिले.

"काय म्हणता जिजाजी?" भावाने विचारलं.

"दोन्ही चांगल्या आहेत."

बस. दहा मिनिटं जमिनीवर लोळून माणसाने एवढंच सांगितलं. आमचे हे एरवी पाव किलो वांगी घ्यायची असली तरी भाजीवाल्याला मत देतात. पण सासरच्या व्यवहारात जावयाने तोंड घालायचं नाही, हे त्यांच्या घरचं व्रत आहे. सासऱ्यांनी छतावर पत्रे उलटे बसवून घेतले तेव्हाही हे खाली उभे राहून छान दिसतंय म्हणाले होते. पुढे दोन पावसाळे आम्ही माहेरी बादल्या लावल्या.

चालवून पाहायचा दिवस ठरला. वेळ ठरवायची गरजच नव्हती. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा माणूस लग्नाची खरेदी, बँक, दवाखाना, मयत सगळं दहाच्या आत उरकतो आणि मग दार लावून कूलरसमोर आडवा होतो. आम्हीही उजाडताच निघालो आणि सातच्या सुमारास तलावावर होतो. दोन्ही स्कूटर गाडीमागच्या ट्रॉलीवरून उतरवून पाण्यात सोडल्या. तलाव असा निपचित पडला होता की पलीकडची टेकडी त्यात उलटी दिसत होती.

लाल सुटली आणि सगळ्यांचे चेहरे फुलले. भाऊ एका दमात मधल्या बेटापर्यंत जाऊन आला. मग लाइफ जॅकेट घालून मी त्याच्या मागे बसले. भीतीने मी पोट आत ओढून धरलं होतं, पण कंबर हूं की चूं करेना. गाडी पाण्यावरून घसरत होती, केस उडत होते आणि मी त्याच्या खांद्यावर थाप मारून अजून एक चक्कर मागत होते. राखाडी त्या मानाने सुटायला जड, वळायला जड. भाऊ तिच्यावरून उतरला आणि म्हणाला, "हे तं ट्रकच आहे ताई. ट्रक तं आपल्याजवळ पहिलेच हाय." सगळे हसलो. मीही हसले. लाल ठरली. भावाने तिथूनच गोव्याला फोन करून लाल ठेवतो म्हणून सांगूनही टाकलं.

यजमान पाण्याकडे पाहत बसले होते. हात खिशावर होता, पण मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

दहाच्या आत परतायचा बेत होता. पण ट्रॉली ओढणाऱ्या गाडीचं चाक बसलं आणि दुसरं चाक रामटेकहून आणायला माणूस गेला तो गेलाच. आम्ही झाडाखाली चटई टाकून तर्री-पोहे खाल्ले, ताक प्यालो, आडवे झालो. चार वाजत आले तेव्हा मला जाग आली ती चटईचा कोपरा तोंडावर आपटल्याने. पश्चिमेचा वारा सुटला होता. पोह्यांच्या रिकाम्या पत्रावळी पळत चालल्या होत्या, मी राखलेल्या चपलांपैकी हलकी एक तर थेट पाण्याकडे निघाली होती. आणि तलाव सकाळचा राहिला नव्हता. आखूड, दाट, एकीच्या अंगावर दुसरी अशा लाटा काठापर्यंत येत होत्या.

मी उठून बसले. हे मला माहीत होतं की. कॉलेजात असताना दुपारी हा वारा उठला की आम्ही पोरी नाव परत आणताना रडकुंडीला यायचो. उन्हाळाभर रोज दुपारी हेच. आणि सुट्टीची माणसं तलावावर येतात ती ऊन उतरल्यावर, म्हणजे नेमकी या वाऱ्यात. आम्हीही यायचो तेव्हाच. अख्ख्या खानदानाने मिळून गाडी तपासली होती ती अशा वेळी, ज्या वेळी ती चालवायला कोणी येणारच नव्हतं.

"ऊठ," मी भावाला हलवलं. "लाल पुन्हा काढ."

"आता? ऊन तापून राहिलं ताई."

"आताच. यांना मागं बसव."

गेले दोघे. पहिल्या लाटेवर लाल नाचली तोवर गंमत वाटली. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेपासून मला काठावर आवाज ऐकू येऊ लागला. चाट. चाट. चाट. प्रत्येक लाटेवरून ती उडत होती आणि सपाट बुडावर आपटत होती. माझी कंबर चटईवर बसल्या बसल्या दुखू लागली. परत आले तेव्हा भाऊ जबडा चोळत होता आणि यजमानांचा चष्मा लाइफ जॅकेटच्या आत गेलेला होता.

"अहो, तुम्हाला हे माहीत होतं ना?"

ते चष्मा शोधत राहिले.

"तुमच्या खिशात काय आहे?"

त्यांनी निमूटपणे पुठ्ठा काढला. मऊ पडलेला, मधोमध घडी घातलेला, राखाडीच्या बुडाचा उतार. भावाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"परात पाण्यावर मारून पाह्य," यजमान शेवटी बोलले, जमिनीकडे पाहत. "कसं सणकन हाताले लागते. विळीच्या पात्यानं मारून पाह्य. लाल परात आहे."

"मंग सांगतलं काहून नाही जिजाजी? मी गोव्याले फोन करून बसलो ना."

"तुमचा घरचा मामला होता. मी कसा बोलू?"

"कंबर तुमच्या घरची आहे," मी म्हणाले. मला इतका राग आला होता की हसूच आलं. "माझ्या मणक्यापेक्षा तुमचं जावईपण मोठं झालं का?"

त्यांचे कान लाल झाले. भावजय ताकाचा ग्लास तोंडाला लावून दुसरीकडे पाहू लागली.

भाऊ अजून लालचा हट्ट सोडायला तयार नव्हता. राखाडी फार जड आहे, असं त्याचं चालूच होतं. मी त्याला विचारलं, "तू संत्रा भरून ट्रक पाठवतो, तेव्हा रस्त्यात ट्रक उडते का?"

"भरलेला कशाले उडन? रिकामा उडते. परतीले रिकामा असला तं ड्रायव्हरचे हाडं खिळखिळे होते."

"मंग?"

तो राखाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हाव ना बाप्पा," आणि फोन काढून बाजूला गेला. गोव्याच्या माणसाला काय सांगितलं ते वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण बरंच हसून सांगत होता.

राखाडीवर मी एकटी बसले. कोणी नको म्हटलं नाही, म्हणजे म्हणायची कोणाची छाती झाली नाही. पण खरं सांगते, निघण्याआधी जॅकेटचा पट्टा मी तीनदा आवळला. लाल आपटली तेव्हा निदान दुसरी होती. ही आपटली असती तर मग काहीच उरलं नसतं, मग मी जन्माची चटईवरच. मी गुडघे थोडे सैल ठेवले, वेग बेताचा ठेवला आणि वाऱ्याच्या तोंडावर निघाले.

पहिली लाट आली. राखाडीने तिच्यात नाक घातलं, दोन्हीकडे पाणी फेकलं, मला डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं आणि पुढे गेली. आपटली नाही. दुसरीही तशीच. तिसऱ्या लाटेनंतर मी कमरेकडे लक्ष द्यायचं विसरले. वळताना ती खरंच ट्रकसारखी वळते, मोठा फेरा घेऊन, खाली पाण्यात खुंटी रोवल्यासारखी. मला कुठे घाई होती. मी मधलं बेट मागे टाकलं, वाऱ्याकडे तोंड करून थांबले आणि तिथं कोणी पाहायला नव्हतं म्हणून मनसोक्त रडून घेतलं. मग ओढणीने नाक पुसलं, ओढणी ओलीच होती, आणि परत फिरले.

काठ जवळ आला तसे मला माणसं दिसू लागली. भाऊ आणि भावजय घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून हात हलवत होते. यजमान पाण्यात नव्हते. ते चटईवर माझ्या जागी मांडी घालून बसले होते. सगळ्यांच्या चपला त्यांनी वाऱ्याने उडू नयेत म्हणून पुढ्यात जोडीजोडीने लावून त्यांवर डबे ठेवले होते. फक्त माझ्या दोन चपला मांडीवर घेतल्या होत्या.

मी उतरले नाही. लांबूनच हात केला आणि पुन्हा वळले.