उजवीकडचा पोपट

लग्न होऊन मी घणसोलीला आले तेव्हा सासरच्या पडवीत एक लोखंडी करवत उभी होती. शिवणयंत्रासारखी पायाने चालवायची. खाली पायडल, बाजूला चाक, वर दोन लांब हात आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं काडीएवढं बारीक पातं. पायडल दाबलं की पातं खालीवर व्हायचं आणि फळीतून वेलबुट्टी सुटी व्हायची. आमच्या ह्यांनी ती मुंबईच्या जुन्या बाजारातून आणली होती, त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून. होडीत घालून खाडी पार केली होती.

हे मिठागरावर कामाला जायचे. तिकडून आले की चहा पिऊन करवतीवर बसायचे आणि देव्हाऱ्याच्या, खिडकीच्या जाळ्या कापायचे. मी समोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसे. घर लहान, पडवीला लागूनच सासूबाईंची चूल. नव्या नवरा-बायकोने उघड बोलत बसायची रीत नव्हती. पण करवत सुरू झाली की तिचा एवढा खडखडाट होई की त्याच्या आडोशाने आम्ही बोलत असू. माझ्या माहेरच्या गोष्टी, त्यांच्या लहानपणच्या खोड्या, पुढे एक खोली वाढवायची, तिला दार कुठे ठेवायचं. पातं तुटलं की बोलणंही तिथेच तुटायचं. नवीन पातं बसेपर्यंत दोघं खाली माना घालून गप्प.

मग मिठागरावरचं काम कमी झालं. ओळखीतल्या एकाने ह्यांना मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लावून दिलं. निघायच्या आधी, नुकत्याच वाढवलेल्या खोलीच्या दारावर बसवायला ते एक जाळी कापत होते. समोरासमोर दोन पोपट, मध्ये आंब्याची डहाळी. डावा पोपट झाला आणि करवतीने मान टाकली. वरचा हात ज्या खिळीवर हलायचा तिथलं भोक झिजून मोठं झालं होतं. पातं रेघेवर राहीना, डगडग हले आणि तुटे.

"ही आता काय चालत नाय," हे म्हणाले. "मी आलू का नवीनच घेव."

उजवा पोपट पेन्सिलीच्या रेघेतच राहिला.

ह्यांची बोट गेली आणि संध्याकाळची ती वेळ मला खायला उठू लागली. चहा होई, दिवे लागत, पडवीत कुठलाच आवाज नाही. खाडीवरून वारा यायचा तेवढाच. ती अर्धी फळी मी भिंतीला टेकवून ठेवली होती. येता-जाता नजर जाई. एक दिवस भंगारवाला दारावर आला. सासूबाई मला म्हणाल्या, "देव का गो ही करवत? पडवी अडवून बसलीय."

"नको आई," मी म्हटलं. "मी ती दुरुस्त करून आणते."

"खुली हायस काय? तुला काय समाजतंय त्यातला?"

मला फारसं समजत नव्हतंच. पण कुठे हलतंय ते मी रोज समोर बसून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वरचा हात खोलून काढला. सासूबाई सुकी मासळी विकायला ठाण्याला जात, मीही त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत त्यांनी तो लोखंडी हात माझ्याकडून काढून घेतला, स्वतःच्या पाटीत सुक्या जवळ्याखाली ठेवला आणि पाटी डोक्यावर घेतली.

ठाण्यातल्या लेथवाल्याने तो हात उलटसुलट करून पाहिला. "बाई, झिजून गेलंय सगळं. नवीन मशीन घ्या ना."

"नवीन ते आल्यावर घेतील," मी म्हटलं. "मला आत्ता चालायला हवी."

त्याने भोक साफ केलं, आत पितळेची कडी ठोकून बसवली, नवी खीळ दिली. हात आता डगडगत नव्हता.

घरी येऊन मी तो जोडला, ती अर्धी फळी पात्याला लावली आणि पायडलवर पाय ठेवला. तोच खडखडाट पुन्हा पडवीत भरला. माझे हात थांबले. डोळ्यांपुढची रेघ दिसेना. सासूबाई चुलीपासून उठून दारात आल्या.

"चालव गो," त्या म्हणाल्या. "बरा वाटतंय. तो गेल्यापासून घर कसा मुका झाला व्हता." मग पदराने तोंड झाकून हसल्या. "तुमाला वाटायचा मी बहिरी. मना सगला आयकू यायचा."

मी लाजेने लाल झाले. पण त्या दिवसापासून आम्ही दोघी तिथे एकत्र बसू लागलो. माझी किती पाती तुटली! शेवटी उजवा पोपट झाला. त्याची चोच जरा जाड आली आणि शेपूट आखूड.

पुढचा पावसाळा सरल्यावर हे आले. रोडावले होते, रंग काळवंडला होता. जाळी दारावर बसवलेली पाहून मान वर करून उभे राहिले.

"ह्यो पोपट कोनी कापला?"

"मी."

"करवत तर मोडली व्हती."

"आईंनी ठाण्याला नेली," मी म्हटलं.

ते हसले. नव्या करवतीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ती सुट्टी भरभर गेली. त्यांना बंदरात पाहिलेलं सगळं सांगायचं होतं, मला घरातलं. दोघांचंही अर्धंच सांगून झालं तोवर बोटीचा सांगावा आला.

अशीच आमची तरुणपणाची वर्षं गेली, येण्यात आणि जाण्यात. ते कायमचे घरी आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. गावाभोवती इमारती उठत होत्या. म्हातारपणी आम्ही खूप बोललो, कुणी अडवणारं नव्हतं. तरी एक राहिलंच. त्या पहिल्या सुट्टीच्या शेवटी, धक्क्यावर, होडीत पाय ठेवता ठेवता ते मागे वळून मला काहीतरी म्हणाले होते. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. पुढे मी विचारलं तर त्यांना आठवेना. अजून वारा सुटला की मी ते ऐकायचा प्रयत्न करते.